साडेचार

"प्रश्न क्रमांक एक ते अकरा एकत्र घेतो,"
पंतप्रधान म्हणतात, आणि चष्मा पुसतात.
चष्मा स्वच्छच आहे. मला माहीत आहे ती सवय:
पान उलटण्याआधी मिळवलेला घोटभर वेळ.

बुधवार, डब्लिन. सभागृहात तीसेक डोकी,
बाकीची जेवायला गेलीत.
वर गॅलरीत स्लायगोहून आलेली शाळकरी मुलं
एकमेकांचे टाय ओढताहेत.

उत्तर मी लिहिलंय.
खात्यात माणसं दोनशे चौदा, सल्लागार नऊ,
पगारावर इतके युरो, प्रवासावर इतके,
वाढ माफक.
'माफक' तीनदा खोडला,
तीनदा परत लिहिला.

डिग्नन उठतात. लॉर्कन डिग्नन, लाइट्रिमचे,
गुरांच्या बाजारात भाव पाडणाऱ्याचा आवाज.
"नऊ सल्लागार! एक भाषण लिहायला,
आठ ते मवाळ करायला.
आणि सीमेपलीकडच्या संबंधांसाठी किती?
साडेचार. अध्यक्ष महोदय, साडेचार!
त्यातला अर्धा माणूस कुठला म्हणायचा,
कमरेच्या वरचा की खालचा?"

हशा. पंतप्रधानसुद्धा हसतात.
मुलं टाय सोडून कठड्यावरून वाकतात,
अर्धा माणूस दिसतो का बघायला.

दिसतो की.
अधिकाऱ्यांच्या बाकावर, डावीकडून दुसरी,
मांडीवर फाइल.
फिडेल्मा ट्रेनर, अर्धवेळ,
सोमवार, मंगळवार, बुधवारी एकपर्यंत.
आत्ता दीड वाजलाय.
म्हणजे या घटकेला मी
त्या साडेचारांतसुद्धा नाही.

इथून बस, अडीच तास, मॉनाहनच्याही पुढे,
जिथे रस्ता चार मैलांत तीनदा देश बदलतो
आणि बसमध्ये कुणाची झोप मोडत नाही.
कडेची पिवळी रेघ पांढरी होते,
किलोमीटरचे मैल होतात, पुन्हा किलोमीटर.
वडिलांचं घर अलीकडे, गोठा पलीकडे.
फोन सिंकपाशी धरला तर एका राज्याची रेंज,
खिडकीशी धरला तर दुसऱ्या.

मी सहा वर्षांची असताना
लष्कराने आमच्या रस्त्यात खड्डा पाडला,
ट्रॅक्टर आडवा मावेल एवढा.
रविवारी चर्च सुटल्यावर गावाने तो भरला.
मंगळवारी पुन्हा पाडला.
रविवारी पुन्हा भरला.
पलीकडून स्टीन्सन यायचा, दुसऱ्या चर्चचा,
बोलायचा नाही, खडीची ट्रॉली रिकामी करून जायचा.
सीमेपलीकडचे संबंध. एकूण कर्मचारी: मोजले नाहीत.
एकूण खर्च: वडिलांचं एक फावडं,
दांडा दोनदा बदलला.

"संबंध स्नेहाचे आहेत," पंतप्रधान वाचताहेत,
"आणि विधायक."
तेही मीच लिहिलंय. खोटं नाही ते.
नुसतं पातळ आहे,
पाहुणे वाढले की आमटी होते तसं.

डिग्नन पुन्हा उभे: "त्या अर्ध्याचा एक कधी करणार?"
पंतप्रधान मान न वळवता
हात मागे करतात. मी चिठ्ठी द्यायची असते.

काय लिहू?
की मला अर्धंच हवंय?
की उरलेली अर्धी गुरुवारपासून
एका म्हाताऱ्याचे मोजे शोधते,
जो रोज संध्याकाळी विचारतो, रस्ता उघडा आहे ना,
आणि उघडा आहे म्हटलं
तर माझ्याकडे असा बघतो,
जशी मी सरकारी माणूस आहे?

'विचाराधीन' लिहिते.
"विचाराधीन आहे," पंतप्रधान म्हणतात,
इतक्या मनापासून, की क्षणभर
मलाही वाटतं, कुणीतरी विचार करतंय.

प्रश्न क्रमांक बारा. मासेमारीचा कोटा.
बाकावर दुसरा अधिकारी येतो, पूर्णवेळ,
मी पाय आखडून त्याला वाट देते.
गॅलरीतली मुलं उठलीत.
एक मुलगी मागे राहून कठड्याला रेलून
बोटांवर काहीतरी मोजतेय,
चारावर थांबते,
पाचवं बोट मधोमध दुमडून बघते.