दुपारी एक ते पाच

मेंदोसात दुपारी एक ते पाच दुकानं बंद.
अर्धी शटरं ओढून शहर झोपतं,
रस्त्याकडेच्या पाटांतलं पाणीसुद्धा पेंगत जातं.
किंमत तेवढी जागी.
पाचला कुलूप काढते
तोवर मालकाचा निरोप येऊन पडलेला:
पन्नास इंची, सात टक्के वर.
मी जुनं लेबल खरवडते, नवं डकवते.
नखांत गोंद. आई विचारते,
दुकानात काय पाव मळत होतीस?

दर गुरुवारी एवारिस्तो बुस्तोस येतात.
रेल्वेत सांधेवाले होते. गाड्या बंद झाल्या,
अजून घड्याळ बघूनच उंबरा ओलांडतात.
वहीत लिहितात: तारीख, रोकडा भाव,
बारा हप्त्यांचा भाव,
आणि चौथ्या रकान्यात
लॉस आंदेसहून मुलगी फोनवर सांगते तो.
मिरेया म्हणते, बाबा, डोंगर ओलांडून या,
इथे निम्म्यात मिळतो.
पण जूनमध्ये घाटात बर्फ, बोगदा बंद.
बोगदा उघडतो
तेव्हा पेन्शन संपलेली असते.

मार्चमध्ये त्यांच्याकडे पैसे होते,
मार्चच्या टीव्हीचे नाही, फेब्रुवारीच्या.
मेमध्ये एप्रिलच्या.
असे एक महिना मागून चालत राहिले,
सुटलेल्या गाडीबरोबर
शेवटच्या डब्यातल्या माणसाशी बोलत चालावं तसे,
न पळता.

एकदा म्हटलं, हप्त्यांनी घ्या, सगळे घेतात,
शेवटचा हप्ता कॉफीच्या भावात पडेल.
हसले. मुली, माझं वय एकोणऐंशी.
तू मला बारा महिने विकतेस,
टीव्ही वरकड.

घरचा टीव्ही जुना, पोटाळ,
चित्राच्या डाव्या बाजूला पिवळा पट्टा.
त्यांची देल्मिरा म्हणते,
बातम्या देणारीला अर्ध्या गालाची कावीळ झालीय,
बरी होईपर्यंत बघू.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी
नवं लेबल माझ्या खिशात होतं, जुनं काचेवर,
आणि ते आत आले.
पाच वाजून चार मिनिटं.
मी फडका घेतला. एक पडदा पुसला, दुसरा पुसला,
धुलाईयंत्रांची दारं उघडून पुन्हा लावली.
खिशात कागद गरम होत होता.
घ्या ना, मनात म्हणत होते, आत्ता, याच भावात,
ओढा सांधा.
त्यांनी आकडा लिहिला. पेनाला टोपण लावलं.
आज वाढला नाही, म्हणाले,
म्हणजे उतरेल.
आणि गेले.
मी खिशातलं काढलं तर घडी पडली होती,
तसंच डकवलं.

नोव्हेंबरात खरंच उतरला.
आयात खुली झाली म्हणे, गोदामं तुंबली.
निरोपातलं वजा चिन्ह
मला आधी छपाईची चूक वाटली.
इतक्या दिवसांत पहिल्यांदा कमी आकडा लावताना
हात अडखळला, लेबल तिरकं बसलं.

त्या तिरक्या आकड्यापुढे बुस्तोस
टोपी काढून उभे राहिले.
पैसे पुरत होते, वर उरत होते.
मी बिलाची वही उघडली, तारीख घातली,
नावातला पहिला बूसुद्धा लिहिला.
मग त्यांनी हळूच, कुणी ऐकू नये असं:
पुढल्या गुरुवारी अजून उतरला तर?

मी काय सांगणार.
मला पाचच्या पलीकडचं दिसत नाही.
खुर्ची पुढे केली.
अकरा टीव्ही चालू होते, अकराही पडद्यांवर एकच बाई
उद्याचं हवामान सांगत होती,
डोंगराकडून गरम वारा.
ते बसले. वही मांडीवर, मिटलेली.
बराच वेळ नुसते बघत होते.
मग म्हणाले,
हिचे दोन्ही गाल सारखे आहेत की.
देल्मिराला सांगायला हवं.
इथून एक फोन करू?