उतरण्याआधी

उद्या ट्रक येईल. युर्टचा नमदा सोडायचा,
दांड्या मोजून बांधायच्या.
आधी तुझी नखं काप, बेकबोलोत.

तीन महिने अनवाणी हिंडलास. खोक्यातून बूट काढले
तर टाच आत जाईना.
तू हसलास, मी हिशोब केला:
हे आता धाकट्या आयझीरेकला, आणि तुला
कोचकोरच्या बाजारातून नवे, एक माप मोठे,
पुढे कापूस कोंबून.

पांढरा सदरा सोंग-कूलच्या पाण्यात धुतला.
वाळला, पण घोडीच्या दुधाचा आंबूस वास
काही केल्या जाईना.
असू दे. वर्गात निम्म्या पोरांना येतच असेल तो.

सात आठे किती?
तू गप्प. डोळे पार त्या खिंडीकडे.
आणि परवा धुक्यात
एकशे त्रेचाळीस मेंढ्यांतली एक कमी आहे
हे तुला न मोजताच कळलं होतं.
ती लंगडी, काळ्या कानाची.
रात्री खांद्यावर घेऊन आलास,
दोघंही थरथरत.

तुझ्या बाईंना हे सांगावं का?
त्या लाल शाईनं विचारणार फक्त सात आठे.
छप्पन्न, रे. छप्पन्न.
उतारभर जिभेवर घोळव.

नखं कापलीस? दाखव.
अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ राहिलीय अजून,
लगामाची, की मातीची.
चाकूच्या टोकानं काढायला गेले
आणि हात थांबला.

राहू दे.
बूट तेवढे ट्रकमध्ये वर ठेव,
भांड्यांखाली चेंगरतील.