चौथी पायरी

ओझुर्गेतीच्या पुढे डांबर संपतं,
मग चहाचे मळे. मळे कसले, नेच्यांचं रान आता,
आणि मुर्मान, हयात ट्रॉलीबसवर गेलेला तू,
वर तार नसेल तर रस्ता ओळखायचा कसा
म्हणून प्रत्येक वळणावर मला विचारत होतास.
मी डोळे मिटून सांगत गेले. डावीकडे. पूल. आता कुत्रं येईल.
कुत्रं आलं. ते नव्हे, त्याचं खापरपणतवंड असणार.

किल्ली झुझुनाकडे.
तिने तुला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं
आणि मला म्हणाली, "फार उशिरा आणलास गं, त्सिआला."
बावन्नाव्या वर्षी भेटला, आधी कुठून आणू?
हसली. मक्याची गरम भाकर फडक्यात बांधून दिली,
वर चीज, मीठ जास्त झालेलं, नेहमीसारखं.

घर लाकडी, खांबांवर उभं, रस्त्याकडे जरा कललेलं,
कमी ऐकू येणारा माणूस कान पुढे करतो तसं.
जिन्याला आठ पायऱ्या.
चौथी मी ओलांडली. न ठरवता.
नाचून उशिरा परतणाऱ्या मुलीची चुगली
घरात एवढी एकच फळी करायची.

तुला हे सांगायचं राहून गेलं होतं.
तू दोन्ही पिशव्यांसकट सगळा भार टाकलास तिच्यावर
आणि ती ओरडली,
इतक्या वर्षांचं साठवलेलं एकदम.

मी थांबले.
आतून खाकरणं आलं नाही.
पर्सिमनला पान एक नव्हतं, फळं मात्र लगडलेली,
एक पक्षी त्यातलं एक फोडत होता, तोही उडाला नाही.
"ठोकून देऊ का?" म्हणत तू खिसे चाचपलेस,
जसा काही हातोडा तिथेच असतो.
राहू दे.

शेगडी पेटेना, धुराड्यात घरटं होतं.
डोळे चोळत तू चीज खाल्लंस, पाणी प्यायलास, पुन्हा खाल्लंस.
मग लाकडं आणायला खाली गेलास
आणि मी वडिलांच्या खोलीत गोधडी झटकताना
पहिल्यांदाच त्या बाजूने ऐकलं.
एक, दोन, तीन,
आणि ती.

आलं आपलं माणूस.

चुगली कसली, हे ऐकूनच त्यांना झोप लागत असेल,
आणि मी मेली किती वर्षं उडी मारून जात होते.

तू लाकडं ठेवलीस, पुन्हा निघालास,
टॉर्च खालीच राहिला म्हणून.
मी उशीला खोळ घालत
मोजत राहिले.