पाठटाचण

पहिल्या दिवशी सगळा वर्ग उठून उभा राहिला,
मीच प्राध्यापिका असं वाटून.
मी मुकाट मागच्या बाकावर जाऊन बसले
तेव्हा जे हसं झालं
ते दुसरं वर्ष संपत आलं तरी पुरतंय.
एकोणीस-वीसच्या पोरापोरींत मी बेचाळीसची.
कॅटबालोगनच्या या कॉलेजात
प्राथमिक शिक्षणाची पदवी घ्यायला आलेली
माजी मोलकरीण, मुक्काम हाँगकाँग, अकरा वर्षं.

बालविकासाच्या पेपरात प्रश्न होता :
पाच ते आठ वयातल्या एका मुलाची वाढ
स्वतःच्या निरीक्षणातून लिहा. गुण दहा.
मी लिहीतच सुटले.
पुढचा दात कधी हलला, कुठल्या सफरचंदात रुतला,
तीनचा आकडा उलटा काढायची खोड कशी गेली,
अंधाराची भीती आधी संपली की लिफ्टची.
दोन पुरवण्या जोडल्या.
दहापैकी साडेनऊ.

ती होयान होती. मालकिणीची.
माझ्या ऐझेलवर लिहायला बसले असते
तर अर्धं पानसुद्धा भरलं नसतं.
रविवारी अर्धा तास,
त्यातही तिचा चेहरा चौकोन चौकोन होऊन अडकलेला.

तिचं माझ्याकडे होतं ते एवढंच :
दर सप्टेंबरात माझी बहीण, माना लुडी,
तिला कागदावर उभी करायची,
पावलाभोवती पेन्सिल फिरवायची
आणि घडी घालून धाडायची, बुटांच्या मापासाठी.
माझा खोका बोटीने पोचेपर्यंत नाताळ यायचा.
पाऊल तोवर थांबतंय थोडंच?
म्हणून एक बोट वाढीव घ्यायचे. दर वर्षी. अंदाजाने.

सराव पाठ. इयत्ता दुसरी. घटक : लांबी मोजणे.
टाचणात दोन रकाने आखायचे असतात.
डावीकडे शिक्षक काय म्हणेल,
उजवीकडे मुलं काय म्हणतील, तेही आधीच.
मी फरशीवर नऊ पावलं ओळीने चिकटवली,
बाटल्यांची झाकणं वाटली मोजायला.
उजवा रकाना म्हणत होता :
"पाऊल दर वर्षी वाढते, मॅडम."

तिओडुलो, ज्याचा बाप धक्क्यावर खेकडे विकतो
आणि जो इतका वेळ झाकण चघळत बसला होता,
म्हणाला, मॅडम, तिसरं सात झाकणं.
चौथं सहाच.
पाऊल आटतं का?

मागे अबुसेहो मॅडमचं पेन थांबलं.
म्हटलं, पुन्हा मोज.
त्याने मोजलं. मग सगळ्यांनी मोजलं.
सात. सहा.
त्या घड्या किती रात्री उलगडल्या मी,
दुकानात काउंटरवर पसरल्या,
त्यावर बूट ठेवून पाहिले, पैसे मोजले,
आणि हे मला कधी दिसलं नाही.
"मला माहीत नाही," मी म्हणाले.
हे वाक्य डाव्या रकान्यात नव्हतं.

रात्री ऐझेल ते कागद सोडवून गोळा करत होती.
माझं अक्षर वाकडं, म्हणून माझे तक्तेही तीच लिहिते.
तिसऱ्यावर बोट ठेवून सहज म्हणाली,
हे माझं नाहीच.
त्या वर्षी मला कांजिण्या आल्या होत्या.
मावशीने शेजारच्या मेरिबेलचं काढून पाठवलं.
"आणि बूट?"
"तिने घातले. लाल होते ना? छान होते."

शेरा आला : चार मिनिटं जास्त घेतली.
श्रेणी एक पूर्णांक पंचाहत्तर.
आमच्याकडे आकडा जितका लहान तितका मान मोठा,
पण मला अजूनही तो वाचताना आधी धस्स होतं.

सोमवारी तिओडुलोला उत्तर द्यायचंय.
टाचण काढून ठेवलंय.
डावीकडे लिहिलंय : पावलं दोघींची होती.
उजवीकडे
अजून काही लिहिलेलं नाही.