देठासकट

आत-बाशीत फेब्रुवारीत स्ट्रॉबेरी कुठून आणणार?
म्हणून मी लोकरीच्या केल्या.
लाल लोकर, साबणाचं कढत पाणी,
तळहातावर वळून वळून दोनशे चाळीस गोळे,
प्रत्येकाला हिरव्या दोऱ्याचं देठ.
खोलीभर कमरेच्या उंचीवर सुतळ्या ताणल्या
आणि लटकवल्या सगळ्या.
सासूबाई म्हणाल्या, लग्न कुणाचं काढलंयस?

मेंढ्या आत घेतल्या की गल्ली येते.
दाराशी बुटांचे तेरा जोड, बर्फ वितळून एकच ओहोळ.
मैरमकान, तिची जाऊ (दोघी एकमेकींशी बोलत नाहीत),
घोड्यांना नाल मारणारा एलचिबेक,
त्याच्या बोटांत स्ट्रॉबेरी म्हणजे
रेड्याच्या पायात घुंगरू.
इंग्लंडातल्या मळ्यांत सहा महिने.
जागा किती? कुणी म्हणतं चाळीस, कुणी म्हणतं चार.
रविवारच्या जनावरांच्या बाजारात
मेंढीच्या भावाबरोबर आकडाही बदलतो.

उलुकमान घड्याळ लावतो. दोन हंगाम करून आलाय तो.
फळाला बोट लावायचं नाही.
देठ चिमटीत, मनगट वळवा, कट्.
देठ राहिलंच पाहिजे, नखभर.
नसलं तर पेटी परत, दोनदा परत तर माणूस परत.
शेगडीत गोवऱ्या धुमसतात, सगळे वाकलेले,
कट्, कट्, कट्,
आणि मी कडेला उभी राहून उत्तरं पाठ करून घेते:
होय, मी पहाटे उठू शकते.
होय, पावसात चालेल.
नाही, मला पाठीचा त्रास नाही.
मैरमकान "नाही" म्हणताना पाठीवर हात ठेवते.
तो हात मी काढायला लावते, रोज.

हे सगळं त्यांच्यासाठी, असं मी पहिले नऊ दिवस म्हणत होते.

दहाव्या रात्री सगळे गेल्यावर
उलुकमान बूट घालत होता, त्याला म्हटलं, थांब.
एक फॉर्म आणखी आहे.
त्यानं नाव वाचलं. पुन्हा वाचलं.
एक बूट पायात, एक हातात, तसाच बसला.

सातवीत हा माझ्या वर्गात
"धिस" आणि "दॅट"च्या मध्ये वर्षभर अडकून होता.
आता तो म्हणाला, बाई, शिक्षिका लिहू नका.
शिकलेले लोक तिसऱ्या आठवड्यात रडतात असं त्यांना वाटतं.
मी खोडलं. बावीस वर्षांना
एका रबराचा अर्धा कोपरा पुरला.
मग काय लिहू?
बटाटे, तो म्हणाला. बटाटे तर काढलेत ना?
काढलेत.
पूर्ण वाक्य बोलू नका. तिकडे कुणी बोलत नाही.
मी पूर्ण वाक्यात विचारलं, का बोलत नाहीत?
त्यानं माझ्याकडे पाहिलं
आणि हळूच म्हणाला, पुन्हा.
त्याच्या वहीच्या पानापानावर
लाल शाईत मी तोच शब्द लिहिला होता.

आज मुलाखत. रेंज फक्त कबरस्तानाच्या वरच्या टेकाडावर,
म्हणून आम्ही तेरा माणसं फोन छातीशी धरून
वाऱ्यात रांगेत.
उणे एकोणीस. माझा नंबर नववा.
एलचिबेक खाली आला, ओठ निळे:
मला विचारलं, गर्दीत झोप लागते का?
हा प्रश्न मी कुणालाच शिकवला नव्हता.
रांग गप्प झाली. मग मागून पुटपुट सुरू:
लागते, लागते, लागते.
मैरमकानची जाऊ मैरमकानला सांगत होती,
अगं, "स्लीप" म्हण, "शीप" नाही,
हसतील.

हातमोजा काढून मी खिशात हात घातला.
सवयीनं आणलेली एक होती तिथे, लोकरीची.
अंगठा, तर्जनी, मनगट.
बघितलं नाही. पण देठ होतं,
नखभर,
असं वाटलं.