घरात माणसं किती

युमात जुलैमध्ये आम्ही पहाटे साडेचारला छपरावर चढतो.
नऊनंतर पत्र्याला हात लावायचा नाही,
अकरानंतर छपराचं नावच काढायचं नाही.

मिसेस हॅस्केटचं मशीन सत्त्याण्णव सालचं.
पाच टनांचं.
"एफ्राइन, एवढ्याशा घराला पाच?" टावो खालून ओरडला.
मी आदल्या आठवड्यातच चक्रावलो होतो,
कागद घेऊन मापं काढायला आलो तेव्हा.

टन म्हणजे वजन नव्हे, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.
एक टन बर्फ दिवसभरात विरघळताना
जेवढी उष्णता गिळतो, तेवढी.
म्हणजे या बाईंच्या डोक्यावर
रोज पाच टन बर्फ,
आणि खाली त्या शब्दकोडं सोडवत बसलेल्या,
अंगात स्वेटर.

पश्चिमेच्या खिडक्या: तीन.
काच: एकेरी.
माळ्यावरचं कापसाचं भरण: होतं,
अर्धं उंदरांनी नेलं.
घरात माणसं किती?

हे विचारावंच लागतं.
माणूसही तापतो, नुसता बसल्या बसल्या,
जुन्या शंभराच्या बल्बाएवढा.
त्यांनी आधी मागच्या दाराकडे पाहिलं.
मग म्हणाल्या, "एक. एकच लिही."

मागे सिमेंटचा चौथरा.
त्यातून गंजक्या सळया वर आलेल्या,
टोपणं लावलेले चार पाइप,
एक सरडा मालकासारखा पसरलेला.
"खोल्या होणार होत्या. दोन.
मर्ल म्हणाला, मशीन आधीच मोठं घेऊ,
पुन्हा क्रेन कोण बोलावणार."

पुढे काय झालं, मी विचारलं नाही.
कागदावर तसा रकाना नाही.

पण मशीन उघडलं की कळतंच.
गरजेपेक्षा मोठं मशीन सहा मिनिटांत घर गार करतं
आणि थांबतं.
पुन्हा धडकन सुरू. पुन्हा थांबतं.
आत तांब्याचे संपर्कबिंदू जळून कोळसा झालेले.
चालून चालून मशीन मरत नाही,
सुरू होऊन होऊन मरतं.
टावोला हे मी तीनदा सांगितलंय.
तो मान हलवतो आणि पाना चुकीचा देतो.

जुना गॅस आम्ही सिलिंडरमध्ये ओढून घेतला.
तो आता कोणी बनवत नाही.
साडेसहाला क्रेननं मशीन उचललं,
ते चौथऱ्यावर थोडं झुललं,
सरडा पळाला.
छपरावर उरला एक चौकोन, फिकट हिरवा,
काल संध्याकाळीच रंगवल्यासारखा.
"अगंबाई," खालून मान वर करून मिसेस हॅस्केट म्हणाल्या,
"आमचं घर हिरवं होतं."

नवं बसवलं. अडीच टनांचं.
त्या जाळीखाली उभ्या राहिल्या.
"चालू आहे का?"
मी खिशातला पेपर नॅपकिन जाळीखाली धरला.
तो फडफडायला लागला.
त्यांचा विश्वास बसला असं वाटलं नाही,
पण चेक लिहिला, वळणदार अक्षरात,
आणि आम्हा दोघांना थंड कलिंगड दिलं.

आठवड्यानं फोन आला.
"ते थांबतच नाही रे.
आधीचं थांबायचं तेव्हा मी जागी व्हायचे,
मग पुन्हा सुरू झालं की झोपायचे.
आता कशानं झोपू?"

मी म्हटलं, "मॅडम, बिघाड नाही.
हळूहळू, सारखं चालत राहायचं, असंच ते बनवलंय.
आता ते घराच्या मापाचं आहे."

त्या "बरं" म्हणाल्या.
फोन मात्र ठेवला नाही.
मीही ठेवला नाही.
हायवे आठवर होतो, बाहेर एकशे सतरा अंश,
माझ्या ट्रकचा एसी एप्रिलपासून बंद,
दोन्ही काचा खाली.

"हा कसला आवाज?" त्यांनी विचारलं.
"वारा," मी म्हटलं.
"मग राहू दे थोडा वेळ," त्या म्हणाल्या.