पालथी

त्यांनी मला पालथी झोपवलं.
उशीला मध्ये भोक. त्यातून दिसते फरशी,
टेबलाचं एक चाक,
आणि डॉक्टर कर्डिलेंच्या हिरव्या रबरी सपाता.
कमरेत सुई देताना नाझनीन मॅडम म्हणाल्या होत्या,
पाय गरम होतील, मग जड होतील,
मग तुझे राहणार नाहीत.
तसंच झालं. त्याच क्रमाने.

भोसलाच्या मैदानावर शेवटून तिसरी फेरी.
जानेवारी, सकाळचे सात, तोंडातून वाफ.
वळणावर कुणीतरी मागून लाथ घातली,
टाचेच्या वर, चार बोटं.
मी वळले भांडायला.
मागे कुणीच नव्हतं.
जवळची म्हणावी ती पोर साठ मीटरवर.
आवाज मात्र गायधनी सरांनीही ऐकला,
वाळकी काडी मोडावी तसा.
हातातलं घड्याळ थांबवायचं ते विसरले;
रात्री घरी खिशात सापडलं,
चालूच.

ओपीडीत डॉक्टरांनी पोटरी दाबली.
डावी दाबली, पाऊल हललं.
उजवी दाबली, पाऊल गप्प,
घरात माणूस असून दार न उघडल्यासारखं.
"तुटलीये."
"तुटली म्हंजे किती?" आईने विचारलं.
त्यांनी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं.
आई बागेतून होती तशी आली होती,
कमरेला सुतळीचे तुकडे खोचलेले.
आमचं गाव पेठकडे, पोट दिंडोरीकडे.

आता वर काय चाललंय ते कानांनीच कळतं.
"दोन्हीकडे केरसुणी झालीये," डॉक्टर म्हणतात.
मी डोळे मिटून बघते:
माझ्या आत दोन केरसुण्या समोरासमोर,
आणि मध्ये शाळा ते पाडा
साडेचार किलोमीटर चढ.
"निळा दोरा."
"डावा पाय उघडा जरा. तो किती लोंबतो बघू."
"आवळला तर टाच टेकायची नाही.
ढिला राहिला तर जोर गेला हिचा."
मग बराच वेळ कुणी बोलत नाही.
"नको. सोड. परत."

हे मी ऐकलंय आधी.
अकरा वर्षांची, दुसऱ्याच्या द्राक्षात,
हातात सुतळी, समोर तार.
आवळू नको गं, काडी जाड व्हायचीये अजून.
आणि इतकी सैलही नको,
वाऱ्याने तारेवर घासून मरंल.
मध्ये एक पीळ दे.
करंगळी गेली पाहिजे.
मी बांधलेल्या तिने सात सोडल्या होत्या त्या दिवशी.
मुकादम बघत होता, तरी.

"सर," मी उशीच्या भोकात म्हणाले,
"करंगळी जाते का?"
हिरव्या सपाता थांबल्या.
"काय म्हणाली?"
"गुंगीचं थोडं दिलंय हिला," नाझनीन मॅडम.
यंत्र माझं काळीज मोजत राहिलं,
एकावन्न, बावन्न,
पाच हजार मीटरवालीचं.

बाहेर मी उताणी.
प्लास्टरमधून पाऊल खाली वळलेलं,
चवड्यावर उभं राहून फळी गाठणाऱ्या पोरासारखं.
गायधनी सरांनी विचारलं, किती महिने.
"नऊ. जास्तही लागतील."
पूर्वीचा वेळ येईल का, हे त्यांनी विचारलं नाही,
म्हणून डॉक्टरांनी सांगितलं नाही.

आईने विचारलं, "गाठ कशी मारली?"

डॉक्टर कर्डिले निघाले होते. थांबले.
तिच्याकडून एक सुतळी मागून घेतली,
स्ट्रेचरच्या दांडीला लावून दाखवली,
अशी जाते, अशी परत येते, इथे अडकते.
रुग्णालयाच्या बोळात, चहाची किटली वाट बघत.
आईने वाकून पाहिलं.
करंगळी घालून पाहिली.
"बरी हाय," म्हणाली.
मग ती सोडवून, सरळ करून
परत कमरेला खोचली,
वाया कशाला घालवायची.

उजव्या अंगठ्याला तेव्हा मुंग्या येत होत्या.
आधी जड झाला, मग गरम.
माझा कधी होईल
ते विचारायचं राहिलं.